ओल्या दाण्याचा आवाज

आई,

काल बदलापूरला एका कारखान्यात आमचा नवा ड्रम चालू करून दिला. तू चालवायचीस त्या पॅनसारखा नाही हा. आडवा, लांबलचक, आत पाच माणसं ओळीनं झोपतील एवढा. खताचे दाणे एका तोंडातून आत जातात, घोळत घोळत पुढे सरकतात, वरून नोझलांतून रेझिन उडत असतं, त्याची पुटं चढत जातात आणि दुसऱ्या तोंडातून दाणे तकतकीत होऊन बाहेर पडतात. बाहेर काचेचा पॅनेल. दाणे किती गरम, हवा किती दमट, रेझिन किती जातंय, सगळं त्यावर दिसतं. काल सगळे आकडे हिरवे होते. तिथला मॅनेजर खूश, माणसं खूश, कोणीतरी पेढे आणायलासुद्धा गेलेलं. मी पॅनेलकडे पाठ करून चहा पीत होते आणि ड्रमचा आवाज बदलला. इतका वेळ सळसळ होती, ती बसली आणि नुसतं घस्स, घस्स सुरू झालं. मी कप खाली ठेवला आणि पाइपवरचा हातानं फिरवायचा कॉक बंद केला. पॅनेल लाल झाला तो त्यानंतर. एक नोझल आतून गळत होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर उद्घाटनाच्या दिवशीच ड्रमभर खताचे लाडू वळले गेले असते, आणि मग ते छिन्नी-हातोडीनं फोडत बसायची पाळी आली असती.

मॅनेजर भला माणूस आहे. त्यानं विचारलं, "मॅडम, पॅनेलच्या आधी तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, "अनुभवानं कळतं हो." त्यानं मान डोलावली, मला पेढा दिला, आणि मी तो खाल्ला. मग शेअर रिक्षात बसून अंबरनाथला घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडत आले. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, ताई बरं वाटत नाही का. तिला काय सांगणार होते डोंबल. आज रविवार आहे, कुकर लावलाय, ओट्यापाशी स्टूल ओढून एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या कागदावर हे लिहायला बसलेय. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुझ्या लेखी मला कान नव्हता. गेलीस तेव्हाही तुझं मत तेच होतं, आणि ते तसंच राहू दिलं मी.

पहिल्यापासून सांगते. तुला माहीत आहे ते सगळं, पण मला सांगायचंय. तू आणि तो पॅन एकाच टेम्पोतून अंबरनाथला आलात. त्याआधी तू सिंधी वस्तीतल्या कॅम्प दोनला बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांच्या कारखान्यात होतीस. कारखाना कसला, दोन गाळे आणि मधे एक तांब्याचा तिरका पॅन, मोठी कढई कलती करून फिरवावी तसा. त्या मालकानं धंदा बंद केला आणि पॅन विकला आपल्या शेठला. शेठनं अंबरनाथच्या एमआयडीसीत खतावर पुटं चढवायचं काम नवीन काढलेलं. सामान टेम्पोत चढत असताना जुना मालक म्हणाला, साईं, ये बाई भी ले जाओ, पॅन इसी का सुनता है. ही गोष्ट तू आयुष्यभर सांगायचीस, आणि शेवटी म्हणायचीस, "पॅनवर मी फुकट मिळाले शेठला." हसायचीस, पण त्यात ऐट होती. मला त्या वयात त्या ऐटीची लाज वाटायची. मैत्रिणींच्या आया एक तर घरी असायच्या नाहीतर ऑफिसात, आणि माझी आई पॅनवर फुकट आलेली.

साधं खत पाण्यात पडलं की विरघळतं, निम्मं वाहून जातं. पूट चढवलेलं हळूहळू सुटतं, म्हणून नर्सरीवाले ते घेतात. हे मला कॉलेजात नंतर शिकवलं. तू त्याआधीच सांगितलं होतंस, की पोराला सगळा खाऊ एकदम हातात द्यायचा नाही, तसंच झाडाचं. खिडकीच्या फळीवर तुझे पाण्याचे पेले ओळीनं ठेवलेले असायचे, प्रत्येकात रुमालाच्या गाठीतून आणलेले चिमूटभर दाणे. संध्याकाळी टाकलेले दाणे सकाळी तसेच टणक असले की तू खूश. विरघळून पाणी गढूळ झालं असलं की त्या दिवशी डब्यात भाजी कशीही व्हायची. एकदा बाबांनी त्यातलाच एक पेला तोंडाला लावला होता. तू असा हात मारलास की पेला थेट मोरीत. नंतर तीन दिवस बाबा पाणी पिताना आधी पेला उजेडात धरायचे आणि तू चिडायचीस.

आणि पॅनवर तू कशी बसायचीस, ते मला आजही दिसतं. उंच लाकडी स्टूल, पॅनला तोंड करून नाही, आडवं. डोळे बाहेर रस्त्यावर, कान पॅनकडे. दाणे गरम हवेनं तापायचे, मग तू रेझिनचा कॉक उघडायचीस, पिवळं चिकट पाणी पातळ उडायचं, दाणे ओले झाले की आवाज जड व्हायचा. तू कॉक बंद करायचीस आणि थांबायचीस. थांबणं हेच काम आहे, म्हणायचीस. दाणे सुकत आले की आवाज मोकळा व्हायचा, मग दाणे चिकटू नयेत म्हणून मूठभर शंखजिऱ्याची पूड भुरभुरायची आणि पुन्हा कॉक. दिवसभर हेच. दुसरं कोणी बसलं की एक तर घाई करायचं नाहीतर गप्पांत विसरायचं, आणि लाडू व्हायचे. तुझ्या हातून झालेले मी कधी पाहिले नाहीत. पगाराच्या रजिस्टरात मात्र तुझ्या नावापुढे हेल्पर लिहिलेलं, कारण ऑपरेटर म्हणून बाई लिहायची पद्धत तिथे नव्हती. तुझं त्यावर काही म्हणणं नसायचं. स्टूल तुझं होतं, तेवढं तुला पुरे होतं.

हे तू शिकलीस कुठे, तर घरी. संक्रांतीच्या आधी आपल्या कॅम्प तीनच्या खोलीत तू हलवा करायला बसायचीस. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, शेजारी पाक. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं, सुकेपर्यंत, मग पुन्हा चमचाभर. दोन-दोन दिवस चालायचं. तिळावर साखरेची पुटं चढून काटा फुटायचा तेव्हा तू शेजारच्या जीन्सच्या कारखान्यातल्या बायकांना बोलावून दाखवायचीस. नंतर तू म्हणायचीस, काम तेच गं, फक्त हलव्याला काटा हवा आणि खताला काटा आला की माल परत. मी सात-आठ वर्षांची असेन. तू मला समोर बसवून डोळे मिटायला लावायचीस. परातीत बोटं फिरवायचीस आणि विचारायचीस, ओला का सुका? मी दरवेळी चुकायचे. सुका असला की ओला म्हणायचे, ओला असला की सुका. तू कपाळाला हात लावायचीस, साखरेचा ठसा कपाळावर उमटायचा. "हिला कान नाही," असं बाबांना सांगायचीस, "हिला आपलं शाळेतच जाऊ दे." मग मी बाहेर खेळायला पळायचे.

शाळेत गेले आणि पुढे डिप्लोमाला गेले, केमिकलला. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट हवं होतं. तूच शेठला विचारलंस. शेठ म्हणाला, आने दो बेटी को, कुछ नया करेगी. नवं म्हणजे काय करायचं ते मला सुचेना, आणि मग एके दिवशी तुझ्या स्टुलाशेजारी उभी असताना सुचलं. घड्याळ लावून मी तुझ्या वेळा लिहायला लागले. कॉक किती सेकंद उघडा, किती वेळ बंद, पूड कधी. एप्रिल आणि मे, रोज दुपारपर्यंत, वह्याच्या वह्या भरल्या. तू एकदाच म्हणालीस, "माझी वेळ मोजतेस होय?" मी म्हटलं हो, प्रोजेक्टसाठी. "लिही लिही," म्हणालीस, आणि त्या दिवसापासून ताठ बसायला लागलीस, फोटो काढणार असल्यासारखी. मला तेव्हा मजा वाटली होती. 

त्या वेळांची सरासरी काढली मी. तुझ्या हातांची सरासरी. कॅम्प दोनच्या बाजारातून एक टायमर आणला, विजेवर चालणारा व्हॉल्व्ह आणला, चार दिवस खटपट करून जोडला. इतके सेकंद उघड, इतके बंद, चाळीस फेऱ्या झाल्या की बॅच पुरी. पहिली बॅच निघाली ती तुझ्या मालासारखीच. शेठ दाणे हातात घेऊन सुठो, सुठो, छान छान म्हणत सगळ्या शेडमध्ये फिरला. मी तर हवेतच. आणि दुसऱ्या दिवशी शेठ तुला म्हणाला, मावशी, आता तुम्ही चाळणीला बसा, पॅन अब बेटी का मशीन चलाएगा. तो वाईट हेतूनं बोलला नाही. त्याला वाटलं, बाईला आराम. तू स्टुलावरची तुझी जुनी गोधडीची घडी उचललीस आणि दहा पावलांवर चाळणीच्या टेबलापाशी जाऊन बसलीस, तिथे बसून दिवसभर बारीक-मोठे दाणे वेगळे करायचे. मी पाहिलं आणि माझ्या वायरी आवळत राहिले. संध्याकाळी घरी तू गोडाचा शिरा केलास. मी विचारलं, आई, राग नाही ना आला? तू म्हणालीस, "कसला राग? चांगलं केलंस. हात दुखायचे माझे." तुझे हात कधी दुखले नव्हते. निदान तू कधी बोलली नव्हतीस.

प्रोजेक्टचं पुस्तक बांधून आलं तेव्हा तू पदराला हात पुसून ते हातात घेतलंस. इंग्रजी तुला येत नव्हतं. चित्रं पाहिलीस, पॅनचं चित्र ओळखलंस, मग विचारलंस, "माझं नाव आहे का गं यात?" मी म्हटलं, असल्या पुस्तकात नावं घालत नाहीत. घालतात गं. मागे आभाराचं पान असतं. त्यावर शेठचं नाव होतं, सरांचं होतं, टायमरच्या दुकानदाराचंसुद्धा होतं. तू होतीस आत, तिसऱ्या पानावर. सध्याची पद्धत अकुशल कामगाराच्या अंदाजावर अवलंबून आहे, असं एक वाक्य होतं. ते मी लिहिलं होतं.

मग श्रावण आला आणि माझे सर प्रोजेक्ट बघायला यायचे ठरले. मार्क त्या दिवसावर होते. शिवाय सरांच्या ओळखीनं एका मोठ्या कंपनीत नोकरीचं बोलणं चाललेलं, मशिनरी बनवणाऱ्या. हवा अशी दमट होती की पोत्यातली पूड मुठीत घेतली तर मुठीचाच गोळा व्हायचा. सकाळी रिक्षात तू म्हणालीस, आज जरा बघून हं, आज माल सुकणार नाही लवकर. मी म्हटलं, आई, टायमर आहे. त्या उत्तरात जो तोरा होता तो तुला ऐकू आला असणार. तू कल्याण-अंबरनाथ रोडकडे बघत बसलीस.

सर आले. मी पॅनेलपाशी उभी. पॅनेल म्हणजे प्लायवूडचा तुकडा, दोन दिवे आणि एक बटण. वीस-बावीस फेऱ्या झाल्या आणि शेठ सरांना चहासाठी आपल्या टेबलाशी घेऊन गेला. पॅन फिरतोय, मी उभी, मागे तू चाळणीवर. टायमर आपल्या हिशोबानं उघडतोय, बंद होतोय. एप्रिलच्या कोरड्या हवेत तू जेवढी थांबायचीस तेवढाच तो थांबतोय. त्याला काय माहीत आज श्रावण आहे. दाणे सुकायच्या आत पुढचं रेझिन येतंय. मग दाणे घोळायचे थांबले आणि पॅनच्या उतारावरून सगळे मिळून एकदम घसरायला लागले. आणि तू उठलीस. चाळणी हातातच होती. दहा पावलं चालून आलीस, माझ्या मागून हात घालून पाइपवरचा जुना कॉक, तुझाच जुना कॉक, फिरवलास, घट्ट. गरम हवेचा ब्लोअर वाढवलास. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. परत जाऊन बसलीस. दाणे थोडा वेळ तसेच जड घसरले, मग एकेक सुटायला लागले, मग सळसळ आली. बॅच वाचली.

शेठ आणि सर परत आले तर टायमरचा दिवा लागलेला पण रेझिन बंद. सरांनी विचारलं, फवारा का थांबलाय?  तू चाळणीवरून मान वर न करता म्हणालीस, "त्यानंच बंद केलं, साहेब. फार ओलं झालं की तो आपोआप थांबतो." सर म्हणाले, अरे वा, हे तर पुस्तकात लिहिलंच नाहीस! मी मान हलवली. होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसती हलवली. तेवढ्यावर मला वर्गात पहिला नंबर मिळाला आणि तेवढ्यावर ती नोकरी मिळाली. घरी जाताना तुझ्या उजव्या अंगठ्याला पिवळं रेझिन लागलेलं होतं. रिक्षात तू तो पदरात धरून बसली होतीस. मी पाहिलं.

पण एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती, किंवा येऊ दिली नव्हती. तू तसं म्हणाली नसतीस, तर शेठनं दुसऱ्या दिवशी तो टायमर काढून फेकला असता आणि तुला परत स्टुलावर बसवलं असतं. बॅच बिघडली असती तरी तेच झालं असतं. तू नुसती बसून राहिली असतीस तरी पुरे होतं, आई. दहा पावलं चालायची गरज नव्हती. तू उठलीस म्हणून माझं प्रोजेक्ट राहिलं, आणि तुझं स्टूल गेलं ते गेलंच. शेठनं ते पुढे ऑफिसात पंखा ठेवायला नेलं.

त्यानंतर तू नऊ वर्षं चाळणीवर होतीस. मी मोठ्या कंपनीत, मग लग्न, मग माझं हे ड्रमचं काम. अधूनमधून विचारायचे, टायमर चालतोय का गं? तू म्हणायचीस, चालतोय की, तुझ्या हातचा आहे. शेठही भेटला की म्हणायचा, बेटी, तेरा मशीन एक नंबर, बारिश में खुद रुकता है. मला नवल वाटायला हवं होतं. मी इंजिनिअर आहे, मला ठाऊक होतं की त्या टायमरला ओलंसुकं कळायची काही सोय नाही, मीच जोडलेला तो. पण ऐकायला गोड वाटायचं, म्हणून मी नवल वाटून घेतलं नाही.

तू आजारी पडलीस त्या पावसाळ्यात शेठचा फोन आला. वैतागलेला. म्हणाला, बेटी, तेरा टायमर बिगड गया. महिनाभरात चार बॅचचे लाडू झालेत, पहले तो खुद रुकता था. मी गेले. टायमर उघडला, तपासला. काहीही बिघडलं नव्हतं, पहिल्या दिवशी होता तसा होता. मग मी कॉककडे पाहिलं. पाइपवरची सगळी फिटिंग धुळीनं काळी पडलेली, आणि तो एकटा पितळेचा कॉक घासून घासून पिवळाधमक, देवाच्या घंटीसारखा. चाळणीच्या टेबलापासून कॉकपर्यंत फरशीवर पायवाट पडलेली होती. शेठनं ती कधी पाहिलीच नव्हती. पाहिली असेल तरी त्याला वाटलं असेल, बाई पाणी प्यायला उठते. मी तिथे उकिडवी बसून रडले, आणि शेठला सांगितलं की डोळ्यात पूड गेली.

त्याला सांगायचं होतं की टायमर नव्हता तो, माझी आई होती. जिभेवर आलं होतं. मग वाटलं, नऊ वर्षं याला खोटं सांगितलं हे उघड होईल, तुझंही आणि माझंही. मी म्हटलं, जुना झालाय, बदलून देते. हवेची ओल बघणारा नवा बसवून दिला. आणि घरी आले. तू खाटेवर होतीस, उशाला पाण्याचा पेला. विचारलंस, शेठनं कशाला बोलावलं होतं? मी म्हटलं, टायमर जुना झाला होता, बदलला.  तू म्हणालीस, "बरं केलंस. मी आपली लक्ष ठेवायचे जरा." आणि माझा हात हातात घेऊन, चिडवल्यासारखं नाही, समजूत काढल्यासारखं म्हणालीस, "तुला कान नाही ना गं. त्या दिवशी तुला कळलंच नसतं. तुझा काय दोष त्यात."

मी मान हलवली. तशीच, सरांपुढे हलवली होती तशी.

माझ्या प्रत्येक ड्रमवर मी हातानं फिरवायचा पितळी कॉक ठेवते. गिऱ्हाईक विचारतं, मॅडम, ऑटोमॅटिक असताना हा कशाला, उगाच गळायला एक जागा. मी सांगते, सेफ्टीसाठी. कालच्या मॅनेजरनंही आधी तेच विचारलं होतं आणि मी तेच सांगितलं होतं. त्याच्या ड्रमवर चाळणीला एक बाई आहे, सफाळ्याकडून आलेली, काल मी कॉक फिरवला तेव्हा ती एकटी माझ्याकडे नाही, ड्रमकडे बघत होती. उद्या फोन करून मॅनेजरला सांगणार आहे की पॅनेलपाशी हिला बसवून बघा. आणि त्यानं विचारलं की का, तर अनुभव वगैरे म्हणणार नाही. माझी आई पॅनवर होती, असं म्हणेन. बघू तोंडातून निघतं का.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करून आले. हा कागद कुठे पाठवायचा नाही, पाठवायला जागाही नाही. तुझ्या हलव्याच्या परातीखाली ठेवीन, ती अजून माझ्याकडे आहे. एवढंच राहिलं होतं.

लहानपणी मी मुद्दाम चुकायचे, आई. ओला असला की मला कळायचं की ओला आहे. पहिल्या वर्षापासून कळायचं. बरोबर सांगितलं असतं तर तू मला परातीपाशी बसवलं असतंस आणि बोटं भाजायची म्हणून मी उलटं सांगून पळायचे. आणि सर आले होते त्या दिवशी पॅनचा आवाज बसला तो मला ऐकू आला होता. तू उठलीस त्याच्या आधी, दोन फेऱ्या आधी. कॉक माझ्या हातापासून वीतभर होता. मी बंद केला असता तर टायमर चुकला हे दिसलं असतं, म्हणून मी तशीच उभी राहिले. मला कान होता. तुझाच होता.